हाउएव्हर आला की आधी फोन

तळघरातल्या टायपिंगच्या खोलीत भिंतीवर बरेच नियम चिकटवलेले होते. चप्पल बाहेर काढा, मोबाइल बंद ठेवा, मशीनजवळ चहा नेऊ नका. एकही पाळला जात नसे. पाळला जाणारा एकच नियम होता आणि तो कुठे लिहिलेला नव्हता: हाउएव्हर आला की आधी फोन, मग टाइप.

हा नियम का, ते सांगायला हवं. हॉस्पिटलच्या सात मजल्यांवरच्या रोग्यांचे स्कॅन बघायला डॉक्टर एकच. ते पलीकडच्या अंधाऱ्या खोलीत बसून सकाळपासून चाळीस-पन्नास स्कॅन बघत आणि जे दिसेल ते रेकॉर्डरमध्ये इंग्रजीत बोलत. बोलत म्हणजे काय, पुटपुटत. सगळे त्यांना पाठीमागे पुटपुटे डॉक्टर म्हणायचे, आणि एकदा तर पत्त्यावर तेच नाव टाकून त्यांना कुणाचं पत्रही आलं होतं. त्यांचं ते पुटपुटणं कानात घालून, पायाखालचं पॅडल दाबत, टायपिस्ट बायका रिपोर्ट तयार करत. पॅडल दाबलं की डॉक्टर बोलणार, पाय उचलला की गप्प. घरच्या माणसांनाही अशी सोय असती तर बरं, असं तिथल्या मोठ्या बाई म्हणत.

डॉक्टरांची बोलण्याची एक रीत होती. आधी जे जे चांगलं ते सगळं ओळीने सांगून टाकायचे. यकृत ठीक, पित्ताशय ठीक, मूत्रपिंडं ठीक. मग जरा थांबायचे, खाकरायचे, आणि काही सापडलं असेल तर म्हणायचे, ‘हाउएव्हर’. खरी बातमी त्याच्या पुढे. डॉक्टरांना फोन करायला सवड नसायची, आणि छापील रिपोर्ट वरच्या मजल्यावर पोचायला संध्याकाळ व्हायची. म्हणून पुढचं वाक्य तातडीचं असेल तर टायपिस्टने हातातलं काम टाकून त्या त्या वॉर्डाला कळवायचं. दहा वर्षांत या नियमाने दोन-चार जीव वाचले होते, हे वरच्या मजल्यांना ठाऊकही नव्हतं.

मोठ्या बाई नव्या मुलींना पहिल्या दिवशी हाच शब्द शिकवायच्या. “डिक्शनरीत बघशील तर ‘तथापि’ लिहिलंय. तथापि तुझ्या घरात कोण म्हणतं? ‘पण’ समज. पण ‘बट’ आणि ‘हाउएव्हर’ एक नव्हे हं. ‘बट’ धावत्या वाक्यात आडवा येतो. हाउएव्हर आधीच्या वाक्याला पूर्णविराम देऊ देतो, त्याचं सगळं ऐकून घेतो, स्वल्पविराम टाकून श्वास घेतो, आणि मग घाव घालतो. त्याच्या आधीचं सगळं पाहुण्यांसाठी, नंतरचं घरच्यांसाठी.”

मधे एक शिकाऊ डॉक्टर आले होते, त्यांना हा शब्द फारच आवडायचा. एका रिपोर्टात तीन-तीन हाउएव्हर. रोगी सहकार्य करत होता, हाउएव्हर जरा हलला. खोलीतल्या बायकांची पहिल्या दिवशी अकरा वेळा छाती धडधडली, आणि दुसऱ्या दिवशी मोठ्या बाईंनी त्यांना गाठून सांगितलं, “साहेब, तो शब्द जपून वापरा, आमच्यात तो घंटेसारखा आहे.”

आता त्या खोलीतल्या थोरलीबद्दल. तिला सगळे थोरली म्हणत, कारण तिची धाकटी बहीण दर दोन दिवसांनी डबा द्यायला यायची आणि खिडकीतून “आमची थोरली आहे का?” असं खणखणीत विचारायची. बाप लहानपणीच गेलेला. आई तीन वर्षांपूर्वी गेली. आईच्या पोटाचा स्कॅन याच खोलीत आला होता आणि तो थोरलीच्याच कानात पडला होता. यकृत ठीक, मूत्रपिंडं ठीक, आणि मग हाउएव्हर. गाठ होती, पसरलेली. त्यानंतर आई सात महिने होती.

धाकटी पडदे शिवायची. बाजाराच्या मागच्या गल्लीत तिचं एक खणाचं दुकान होतं. शिवायची, आणि लोकांच्या घरी जाऊन स्वतः शिडीवर चढून लावायचीही. त्या शिडीवरून दोघींची कायम जुंपायची. “खालून कुणी धरल्याशिवाय चढत जाऊ नकोस,” थोरली म्हणायची. “तू ये ना धरायला,” धाकटी म्हणायची.

गेले चार दिवस धाकटीच्या पोटात डावीकडे, बरगड्यांखाली दुखत होतं. मधूनच डावा खांदाही दुखायचा. “रात्री वाकडी झोपले,” म्हणाली. थोरलीचा जीव थाऱ्यावर राहिना. आईचंही असंच, कुठेतरी डावीकडे, बारीक बारीक दुखण्याने सुरू झालं होतं. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, तसा तो तिच्या पाठी लागला. चौथ्या दिवशी सकाळी तिने धाकटीला अक्षरशः ओढत आणलं, सर्जनना दाखवलं, ओळखीने स्कॅनला लावलं, आणि आपल्या जागेवर येऊन बसली. धाकटी बाहेरच्या बाकावर बसली. स्कॅन झाला होता, रिपोर्ट व्हायचा होता.

अकराच्या सुमारास मोठ्या बाई कागदाचे गठ्ठे आणायला वर गेल्या. तिसरी टायपिस्ट रजेवर होती. खोलीत थोरली एकटी. तिने पुढची फाइल उघडली आणि कॉम्प्युटरच्या पडद्यावर धाकटीचं नाव आलं.

दुसऱ्या कुणालातरी द्यावी असं तिला वाटलं, पण दुसरं कुणी नव्हतंच. तिने पॅडलवर पाय ठेवला.

यकृत ठीक. बोटं आपोआप चालू लागली. पित्ताशय ठीक. स्वादुपिंड ठीक, म्हणजे आईला जिथे होतं तिथे काही नाही. थोरलीने श्वास सोडला. मूत्रपिंडं ठीक. गर्भाशय ठीक. ती मनात म्हणू लागली, संपव, संपव आता, ‘बाकी काही नाही’ म्हण आणि संपव. डॉक्टर थांबले. खाकरले.

“हाउएव्हर,” डॉक्टर म्हणाले.

थोरलीचा पाय आपोआप वर उचलला गेला.

खोलीत फक्त पंख्याचा आवाज राहिला. पडद्यावर तिने टाइप केलेला तो शब्द होता, पुढे स्वल्पविराम, त्याच्या पुढे काही नाही. तिला पॅडलकडे बघवेना. पुढे काय असणार हे तिला माहीत आहे असंच तिला वाटत होतं. नेहमीची वाक्यं तिला पाठ होती: अमुक इतक्या सेंटिमीटरची गाठ, आजूबाजूला पसरलेली, तुकडा काढून तपासावा. एकदा ऐकलं की ऐकलं. मग परत न ऐकलेलं करता येत नाही. जोवर ऐकलं नाही तोवर बाहेर बाकावर बसलेली आपली बहीण धडधाकट आहे.

नियम तिला आठवत नव्हता असं नाही. चांगला आठवत होता. पण ती स्वतःची समजूत घालत होती: हे दुखणं काय आजचं आहे? आतल्या आत महिनोन् महिने वाढणाऱ्या गोष्टी या. अर्ध्या तासाने काय मोठा फरक पडतो? बाई येऊ देत, बाई शेजारी बसल्या की ऐकते. माणूस घाबरला की किती शहाण्यासारखं बोलतो बघा.

तेवढ्यात खिडकीवर टकटक झाली. काचेला खाली एक अर्धगोल भोक होतं, त्यातून रिपोर्ट द्यायचे. त्या भोकाशी वाकून धाकटी बघत होती.

“ताई, झालं का गं?”

थोरलीने पडदा झटकन दुसरीकडे वळवला. “नाही अजून. वेळ लागेल.”

“मग मी जाऊ का? एक काम आहे. संध्याकाळी येते.”

थोरलीला तिच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. अजून पाच मिनिटं ही समोर उभी राहिली तर आपण रडणार, आणि मग सगळं सांगावं लागणार. ती घाईघाईने म्हणाली, “हो, जा. जा तू. बसून काय करणार?”

धाकटी क्षणभर तशीच वाकून राहिली. मग “बरं” म्हणाली आणि गेली. जिन्यावर तिच्या चपलांचा आवाज थोरलीने शेवटपर्यंत ऐकला. तिला हायसं वाटलं, ही खरी गोष्ट आहे आणि ती सांगायला हवी.

मोठ्या बाई बारा वाजायला दहा मिनिटं असताना परत आल्या. तोवर थोरलीने दुसऱ्या रोग्यांचे चार रिपोर्ट काढले होते, सगळे बिनचूक. बाईंनी गठ्ठे ठेवले, घाम पुसला, आणि थोरलीच्या पडद्यावर खाली अर्धवट पडलेली फाइल त्यांच्या नजरेला पडली. त्यांनी नाव वाचलं. शेवटचा शब्द वाचला.

“हे केव्हाचं?”

“अकरा वाजून दहा.”

“फोन केलास?”

“मी पुढचं ऐकलं नाही, बाई. माझ्याच्याने होईना. तुम्ही ऐका.”

बाईंनी थोरलीच्या कानातला हेडफोन काढून आपल्या कानात घातला आणि उभ्या उभ्याच पॅडल दाबलं. थोरली त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. तिने मनाची पुरती तयारी केली होती. बाईंचा चेहरा पडला असता तर तिला कळलं असतं. पण तो पडला नाही, तो ताठ झाला, आणि त्यांनी हेडफोन काढता काढता फोन उचलला.

“सर्जनना द्या. आत्ता. ऑपरेशनमध्ये असले तरी द्या.” मग फोनच्या तोंडावर हात ठेवून थोरलीला म्हणाल्या, “गाठ नाहीये. डाव्या बरगड्यांखालची प्लीहा फाटलीये. भोवती रक्त जमलंय, वरचा पापुद्रा कसाबसा धरून आहे. डॉक्टर म्हणतायत मार लागल्यासारखं दिसतंय, उठू देऊ नका, ताबडतोब सर्जनना कळवा. कुठे आहे ती? बाकावर ना?”

ज्याला थोरली चाळीस मिनिटं घाबरत होती ते नव्हतंच. आणि जे होतं त्याला मिनिटं मोजूनच मिळत होती.

“मी तिला जा म्हटलं,” ती म्हणाली.

धाकटीचा फोन बंद होता. थोरलीने चारदा लावला, चारही वेळा तीच बाई त्याच मंजुळ आवाजात बंद असल्याचं सांगत होती. सर्जन म्हणाले, सापडेल तिथे तिला आडवी करा, चालवू नका, पोटाला धक्का लागू देऊ नका, कुठे ते कळवा, गाडी पाठवतो. थोरली चप्पल न घालताच निघाली. जिन्यावर लक्षात आलं, पण परत फिरली नाही. रस्त्यात समोर येणाऱ्या प्रत्येक बाईकडे ती बघत होती, आणि जिथे जिथे घोळका दिसे तिथे थांबून डोकावत होती. एके ठिकाणी लोक वाकून खाली बघत होते. ती घुसली. कुणाच्यातरी टोपलीतली फळं सांडली होती.

दुकानाला कुलूप होतं. शेजारच्या किल्लीवाल्याने डोळ्यावरचं भिंग वर केलं.

“आत्ताच गेली की. पडद्यांचं गाठोडं घेऊन. दातांच्या डॉक्टरांचा नवा दवाखाना आहे ना, बँकेच्या वर, तिथे. म्हटलं उद्या जा, रंग उतरलाय तुझा. तर म्हणाली, उद्याचं कुणी बघितलंय.”

“शिडी?”

“शिडी तिथंच आहे म्हणाली.”

थोरलीने पळता पळता बाईंना फोन करून जागा सांगितली. बँकेच्या इमारतीला लिफ्ट होती आणि ती सहाव्या मजल्यावर होती. ती जिन्याने गेली. तिसऱ्या मजल्यावर दवाखान्याचं दार उघडं होतं. आत नव्या रंगाचा वास, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या खुर्च्या, आणि पलीकडच्या मोठ्या खिडकीशी शिडी. शिडीच्या वरून दुसऱ्या पायरीवर धाकटी, दोन्ही हात डोक्याच्या वर, पडद्याच्या कड्या दांडीत ओवत.

थोरलीला किंचाळावंसं वाटत होतं. किंचाळली असती तर धाकटी दचकली असती. तिने दाराची चौकट घट्ट धरली आणि बाळाला हाक मारावी तशा आवाजात म्हणाली, “अगं, जरा खाली येतेस का? हळूच.”

धाकटीने मान वळवली नाही. “तू कशाला आलीस?”

“खाली ये, सांगते.”

“नको सांगूस.” धाकटीचा आवाज चिरकला. “मला माहितीये. मला नाही ऐकायचं. एवढे पडदे होऊ देत, मग काय ते ऐकते.” आणि तिने पुढची कडी ओवायला हात आणखी ताणला. शिडी करकरत होती.

“आईसारखं नाहीये,” थोरली म्हणाली. ती बोलता बोलता एकेक पाऊल पुढे सरकत होती. “शपथ. आईसारखं काही नाही. गाठ नाही. तू कुठे पडली होतीस का?”

वरचे हात थांबले.

“सांग ना. मी ओरडणार नाही.”

“मागच्या आठवड्यात,” धाकटी भिंतीकडे बघत म्हणाली. “शिडीवरून. टेबलाच्या कोपऱ्यावर आपटले. फार नाही लागलं. तू पुन्हा शिडीचं पुराण लावशील म्हणून नाही बोलले. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तू शेजारीच बसली होतीस.”

“बरं झालं सांगितलंस. आता कडी सोड. आत रक्त साकळलंय, ते ऑपरेशनने बरं होतं. गाडी येतेय. एक पाय खाली घे. बघू नकोस खाली, मी आहे.”

थोरलीने शिडी दोन्ही हातांनी धरली. धाकटीने एक पाय खाली घेतला. मग दुसरा. तिच्या पोटरीवरून घाम ओघळत होता. तिसऱ्या पायरीवर ती म्हणाली, “ताई, मला अंधार अंधार दिसतोय.” थोरलीने वर बघितलं, तर तिचे ओठ कागदासारखे पांढरे झाले होते. “अजून दोनच पायऱ्या,” ती म्हणाली. दोन नव्हत्या, चार होत्या. धाकटीचा हात सुटला आणि ती सगळी थोरलीच्या अंगावर आली. थोरलीने तिला धरलं, पोटाला हात लागू न देता, बगलेखाली आणि पाठीशी धरलं, आणि तशीच तिला घेऊन जमिनीवर बसली. वर लटकलेला अर्धा पडदा दोघींच्या अंगावर सुटून पडला.

गाडी यायला सात मिनिटं लागली. ती सात मिनिटं थोरलीने धाकटीच्या नाकाशी बोट धरून काढली. ती देवाला काहीच मागत नव्हती. ती फक्त, “घे, अजून एक घे, अजून एक,” एवढंच म्हणत होती, आणि धाकटी श्वास घेत होती.

ऑपरेशनला अडीच तास लागले. प्लीहा काढावी लागली, रक्ताच्या पाच पिशव्या लागल्या. सर्जन बाहेर येऊन म्हणाले, वाचली. अजून अर्धा तास गेला असता तर मी काही बोलू शकलो नसतो, असंही म्हणाले. थोरलीने मान हलवली. मोठ्या बाईंनी तिला खुर्चीत बसवलं, कुणाच्यातरी चपला आणून तिच्या पायांत घातल्या आणि आपण कामावर गेल्या.

तिसऱ्या दिवशी धाकटीला साध्या वॉर्डात आणलं. दुपारची वेळ होती. खिडकीतून ऊन तिच्या पांघरुणावर पडलं होतं.

“ताई, तू त्या काचेतून माझ्याकडे बघतच नव्हतीस,” ती म्हणाली. “तेव्हाच मला वाटलं, संपलं. आईचंच मला झालं. म्हणून मी फोन बंद केला. तू सांगशील म्हणून.”

थोरलीला सोयीचं उत्तर सुचलं होतं. रिपोर्ट उशिरा आला, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. मोठ्या बाई कुणाला सांगणाऱ्या नव्हत्या.

“मला तेव्हा काहीच माहीत नव्हतं,” ती म्हणाली. “मी अर्ध्यातच थांबले होते. पुढचं ऐकायचा धीर झाला नाही. चाळीस मिनिटं मी ते तसंच ठेवलं, आणि तुला जा म्हटलं. ते ऐकलं असतं तर तुला त्या बाकावरूनच आत नेलं असतं. तू शिडीवर चढलीच नसतीस.”

शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीला कुणीतरी उशी नीट करून देत होतं, ते धाकटी बघत राहिली. थोरलीला वाटलं, आता ही रागावेल. रागावली तर बरं होईल.

“आईच्या वेळी?” धाकटीने विचारलं.

“काय?”

“आईचा रिपोर्ट. तो तूच टाइप केलास ना? तेव्हा तू म्हणाली होतीस, उशिरा आला.”

थोरलीने पांघरुणाची कड हातात घेतली आणि ती दुमडू लागली. “टाइप केला. वॉर्डाला फोनही केला त्याच दिवशी. डॉक्टरांना म्हटलं, घरी मी सांगते.”

“आणि?”

“चौथ्या दिवशी सांगितलं. आई मजेत होती गं. तिला भूक लागत होती त्या आठवड्यात. मला ते मोडवेना.”

धाकटीने डोळे मिटले. तिच्या डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाणी कानाकडे ओघळलं, आणि टाके दुखतील म्हणून ती हुंदका दाबत होती हे थोरलीला कळत होतं.

“त्या आठवड्यात मी तिच्याशी बोलत नव्हते, ताई,” ती म्हणाली. “दुकानावरून भांडण झालं होतं. ती रोज दाराशी येऊन ‘जेवलीस का’ विचारायची आणि मी उत्तर द्यायचे नाही. चार दिवस. तुला माहीत होतं?”

“हो,” थोरली म्हणाली. “मी दोघींना बघत होते.”